हिरडीखालची पहिली तीन वर्षे

एका शासकीय दंत रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात एक आई आपल्या सात वर्षांच्या मुलाला घेऊन बसली आहे. थंड पाण्याचा घोट घेतला की मुलगा कळवळतो. डाव्या बाजूने तो चावत नाही, ब्रश तिकडे नेऊ देत नाही. खालची डावी दाढ वर्षभरापूर्वी आली ती मुळातच पिवळट-तपकिरी आली आणि चार महिन्यांत पोळीचा घास चावताना तिचा एक कोपरा निखळला. शेजारणींनी, शाळेतल्या बाईंनी आणि घरच्या वडीलधाऱ्यांनी निदान केव्हाच करून टाकले आहे : चॉकलेटे फार दिली, रात्री दूध पाजून तसेच झोपवले, दात घासण्याकडे लक्ष दिले नाही. आईनेही हा दोष जवळजवळ पत्करला आहे. मात्र एक गोष्ट तिच्या मनाला पटत नाही, आणि खुर्चीजवळ उभी राहून ती नेमके तेच विचारते, "डॉक्टर, दाढ आली तीच अशी आली हो. तिला कीड लागायला वेळ तरी कुठे मिळाला?"

प्रश्न साधा आहे, पण त्यामागचा तर्क पक्का आहे. कारण नेहमी परिणामाच्या आधी घडावे लागते. साखरेचा एक कणही लागण्यापूर्वी जर दाढ सदोष असेल, तर दोषाचे मूळ ती तोंडात उगवण्याच्या आधीच्या काळात शोधले पाहिजे. तो काळ किती आधीचा, हे दाताच्या जडणघडणीचे वेळापत्रक सांगते; आणि ते वेळापत्रक बहुतेक पालकांना ठाऊक नसते.

सहाव्या वर्षाच्या आसपास येणारी ही पहिली कायमची दाढ दुधाच्या दातांच्या मागे, कोणताही दात न पडता, गुपचूप उगवते. त्यामुळे अनेक घरांत तिला दुधाचीच दाढ समजले जाते आणि "पडणारच आहे" म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. वास्तविक ती आयुष्यभरासाठी आलेली असते. तिच्यात खनिज साठायला सुरुवात होते ती मूल जन्माला येण्याच्या सुमारास. आणि मूल अडीच-तीन वर्षांचे होईपर्यंत हिरडीखाली तिचा माथा बांधून पूर्ण झालेला असतो. पटाशीच्या बहुतेक कायमच्या दातांचे काम जन्मानंतर तीन-चार महिन्यांनी सुरू होऊन चार-पाच वर्षांपर्यंत चालते. दुधाचे दात त्याहूनही आधीचे. गर्भारपणाच्या साधारण चौदाव्या आठवड्यापासून त्यांत खनिज जमू लागते आणि बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत त्यांचे बाह्य कवच तयार झालेले असते. म्हणजे सात वर्षांच्या मुलाच्या तोंडात आज दिसणारी दाढ ही त्याच्या जन्मापासूनच्या पहिल्या तीन वर्षांत घडलेली वस्तू आहे. ती केवळ उशिरा प्रकट झाली.

या कवचाला मराठीत दंतवल्क म्हणतात. रोजच्या बोलण्यात एनॅमल. शरीरातील सर्वांत कठीण ऊती हीच. वजनाने पाहिल्यास तिचा सुमारे ९६ टक्के भाग खनिज असतो. कॅल्शियम आणि फॉस्फेट यांच्या संयोगाने बनलेले हे खनिज म्हणजे हायड्रॉक्सिअपॅटाइट. पण एनॅमलची खरी विलक्षणता त्याच्या कठीणपणात नाही. हाड मोडले तर जुळते, कातडी कापली तर भरून येते, दाताच्या आतील डेंटिनलाही स्वतःत थोडी भर घालता येते. एनॅमल मात्र एकदाच घडते. ते घडवणाऱ्या अमेलोब्लास्ट नावाच्या पेशी दात तोंडात येईपर्यंत नाहीशा झालेल्या असतात. लाळेतील क्षारांमुळे त्याच्या पृष्ठभागाची बारीकसारीक डागडुजी होते. परंतु गेलेला थर पुन्हा उभा करणारा कारागीर त्या जागी उरलेला नसतो.

हे कारागीर दोन टप्प्यांत काम करतात. पहिल्या टप्प्यात प्रत्येक अमेलोब्लास्ट पेशी मागे सरकत सरकत आपल्या पुढ्यात प्रथिनांचा मऊ साचा सोडत जाते. त्यातले मुख्य प्रथिन अमेलोजेनिन. या साच्यात खनिजाचे अतिशय बारीक, लांबट स्फटिक आकार घेऊ लागतात. एनॅमलची पूर्ण जाडी याच टप्प्यात ठरते. पण ते अजून कच्चे असते, खनिजाचे प्रमाण अवघे तिसरा हिस्सा. दुसरा टप्पा परिपक्वतेचा. त्यात विकरे साच्यातील प्रथिने तोडतात, पेशी ती बाहेर काढून टाकतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत स्फटिक जाड होत जातात. स्फटिक वाढताना आम्ल निर्माण होते. ते वेळच्या वेळी उदासीन करण्यासाठी पेशींना बायकार्बोनेट सोडत राहावे लागते. हे सारे महिनोन्‌महिने चालते आणि या प्रवासात जवळजवळ निम्म्या पेशी मरून जातात.

घडण अशी दोन टप्प्यांची असल्याने बिघाडही दोन जातींचे होतात. पहिल्या टप्प्यात व्यत्यय आला, तर एनॅमल पातळ पडते. दातावर खळगे किंवा आडव्या चऱ्या दिसतात. दुसऱ्या टप्प्यात व्यत्यय आला, तर जाडी पूर्ण भरते, मात्र आत प्रथिने अडकून राहतात आणि खनिज कमी पडते. असा दात आकाराने अगदी नेटका येतो. पण त्यावर खडूसारखे पांढरे, पिवळे किंवा तपकिरी पट्टे असतात आणि चावण्याचा भार पडताच तो ढासळू लागतो. त्या मुलाची दाढ याच दुसऱ्या जातीची. दंतवैद्यकात या विकाराला मोलर इन्सिझर हायपोमिनरलायझेशन म्हणतात, कारण पहिल्या कायमच्या दाढा आणि अनेकदा पटाशीचे दात त्यात सापडतात. हे नाव २००१ साली रूढ झाले. जगभरातील पाहण्यांचा एकत्रित हिशेब मांडला, तर सुमारे १३ ते १४ टक्के मुलांत तो आढळतो.

पट्टा पांढरा का दिसतो, याचे उत्तर प्रकाशशास्त्रात आहे. मीठ किंवा साखर यांचा एकेक स्फटिक पारदर्शक असतो, ढीग मात्र पांढराशुभ्र दिसतो. कारण प्रत्येक कण आणि त्याच्या भोवतीची हवा यांच्या सीमेवर प्रकाश वळतो, विखुरतो. निरोगी एनॅमलमध्ये स्फटिक इतके दाटीवाटीने बसलेले असतात की प्रकाश फारसा न अडखळता आरपार जातो आणि आतल्या डेंटिनची पिवळसर झाक बाहेर दिसते. खनिज कमी पडले की स्फटिकांमध्ये सूक्ष्म पोकळ्या राहतात. एनॅमलचा अपवर्तनांक १.६२, पाण्याचा १.३३ आणि हवेचा १. ओल्या दातात पोकळ्यांत पाणी असते, तेव्हा फरक मध्यम असतो. दंतवैद्य हवेचा झोत मारून दात कोरडा करतात, पोकळ्यांत हवा शिरते, अपवर्तनांकातील तफावत वाढते आणि डाग अधिक ठळक होतो. लहानशी फुंकर मारून सच्छिद्रता ओळखण्याची ही युक्ती म्हणजे प्रत्यक्ष भौतिकशास्त्रच. त्याच पोकळ्यांतून थंडी आणि आम्ल आत पोहोचतात. म्हणूनच थंड पाण्याने मूल कळवळते.

इथे घरच्यांच्या निदानातला क्रम उलटतो. ब्रश नीट केला नाही म्हणून दाढ बिघडली, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात दाढ आधीच सच्छिद्र होती, ब्रश लागला की ठणकत होती आणि म्हणून मूल ब्रश टाळत होते. मग तिथे अन्न साचते, जिवाणू आम्ल बनवतात आणि कमकुवत खनिज झपाट्याने विरघळते. कीड खरीच असते. पण ती नंतर आलेली असते.

एनॅमलमध्ये दोषांबरोबर काळाचीही नोंद होते. अमेलोब्लास्ट पेशी दिवस-रात्रीच्या लयीत काम करतात. रोज साधारण ४ मायक्रॉन थर पुढे सरकतो आणि प्रत्येक दिवसाची एक फिकट रेघ उमटते. काही दिवसांच्या अंतराने, बहुधा आठवड्याच्या आगेमागे, एक ठळक रेघ येते. दाताचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर झाडाच्या खोडातील वलयांप्रमाणे या रेघा मोजता येतात. त्यांत एक रेघ इतरांपेक्षा गडद असते. ती जन्माची रेघ. गर्भाशयातील उबदार स्थैर्य संपून बाळ उघड्या जगात आले, त्याचे अन्न, श्वास, तापमान सारे एका तासात बदलले, तेव्हा पेशींचे काम क्षणभर अडखळले, त्याची ती खूण. १९३० च्या दशकात रश्टन आणि शौअर या संशोधकांनी तिचे वर्णन केले. ती सर्व दुधाच्या दातांत असते आणि बहुधा पहिल्या कायमच्या दाढेतही सापडते. रेघेच्या अलीकडचे एनॅमल आईच्या पोटातले, पलीकडचे जन्मानंतरचे. पडलेला दुधाचा दात कोणी कौलांवर फेकतात, कोणी मातीत पुरतात. त्या तांदळाएवढ्या वस्तूत माणसाच्या आयुष्यातील सर्वांत कमी लिहिला गेलेला काळ दिवसावार लिहिलेला असतो.

या घडणीत बाहेरून काय ढवळाढवळ करू शकते, याचा पहिला मोठा धडा पाण्याने दिला. १९०१ साली फ्रेडरिक मॅके हा तरुण दंतवैद्य अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी आला आणि तेथील लोकांच्या दातांवरील तपकिरी डाग पाहून चक्रावला. त्याच्या निरीक्षणात एक किल्ली होती. त्या गावात जन्मलेल्या किंवा बालपण घालवलेल्यांनाच डाग होते. मोठेपणी तेथे राहायला आलेल्यांना नव्हते. पाणी सर्व जण तेच पीत. म्हणजे काहीतरी दात घडत असतानाच काम करत होते. आयडाहो राज्यातील ओकले या गावी नव्या नळयोजनेनंतर मुलांचे दात असेच येऊ लागले होते. १९२० च्या दशकात मॅकेच्या सल्ल्यावरून गावाने पाण्याचा स्रोत बदलला आणि त्यानंतरच्या लहान मुलांचे कायमचे दात स्वच्छ आले. १९३१ साली रसायनतज्ज्ञ एच. व्ही. चर्चिल यांनी पाण्यातला दोषी घटक शोधला. तो होता फ्लोराइड.

भारतात याचा पडताळा लवकरच मिळाला. १९३७ साली एच. ई. शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर भागात फ्लोरोसिस प्रसृत असल्याचे प्रसिद्ध केले. पुढे आजच्या तेलंगणातील नळगोंडा जिल्ह्याचे नाव या रोगाशी कायमचे जोडले गेले. तेथील ग्रॅनाइट खडकातील फ्लोराइडयुक्त खनिजे झिजून भूजलात उतरतात. विंधनविहिरी खोल गेल्या तसे लोक तेच पाणी अधिकाधिक पिऊ लागले. राजस्थान, गुजरात, आंध्र प्रदेश यांच्या मोठ्या पट्ट्यांत आणि महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत हीच कहाणी आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे; दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. उष्ण प्रदेशातले मूल पाणीही जास्त पिते, त्यामुळे तेवढ्याच प्रमाणातून त्याच्या शरीरात जाणारी मात्रा वाढते. परिपक्वतेच्या टप्प्यात जादा फ्लोराइड असेल, तर साच्यातील प्रथिने बाहेर निघायला उशीर होतो आणि पृष्ठभागाखाली सच्छिद्र थर राहतो. दात उगवताना पांढुरका असतो. तपकिरी रंग नंतर बाहेरून मुरतो.

फ्लोराइडचा स्वभाव दुहेरी आहे, आणि हे विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घ्यावे असे आहे. दात उगवल्यानंतर त्याच्या पृष्ठभागावर अल्प प्रमाणात मिळणारा फ्लोराइड एनॅमलला बळ देतो. स्फटिकातील हायड्रॉक्सिलची जागा त्याने घेतली की आम्लाला टिकणारे खनिज बनते. साधे एनॅमल सुमारे ५.५ पीएचखाली विरघळू लागते, तर फ्लोराइडयुक्त खनिज सुमारे ४.५ पर्यंत तग धरते. टूथपेस्टमधला फ्लोराइड म्हणूनच उपकारक. पदार्थ एकच, मात्रा, वाट आणि वेळ बदलली की परिणाम बदलतो.

पाण्यावरचा एक उपाय याच देशात, नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, म्हणजे नीरीत, १९७० च्या दशकात तयार झाला. तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर क्रमाने पाण्यात मिसळायची, ढवळायचे, गाळ बसू द्यायचा आणि वरचे पाणी गाळून घ्यायचे. या पद्धतीला नळगोंडा तंत्र असे नाव मिळाले. बादलीपासून गावाच्या टाकीपर्यंत ती वापरता येते. २००८-०९ मध्ये केंद्र सरकारने फ्लोरोसिस प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. २०१९ च्या जल जीवन मिशनमध्येही बाधित वस्त्यांना प्राधान्य देण्याचे धोरण आहे. या सर्व योजनांचा एक हिशेब सहसा मांडला जात नाही. पाणी बदलल्याचे फळ दातांत दिसायला सहा-सात वर्षे लागतात. कारण आज शुद्ध पाणी पिणाऱ्या बाळाची दाढ तेव्हा उगवणार असते. आणि तीन वर्षे उशिरा पोहोचलेला नळ त्या घरातल्या मुलाच्या पहिल्या दाढेसाठी कायमचाच उशिरा पोहोचलेला असतो.

फ्लोरोसिसमध्ये दोषी घटक एक आहे. त्या मुलाच्या दाढेसारख्या विकारात तसे नाही. एकाच मुलाच्या एका दाढेला तो गाठतो, दुसरीला सोडतो. आनुवंशिकतेचा त्यात वाटा आहे; त्याशिवाय गर्भारपणातील आजार, अपुऱ्या दिवसांचा किंवा अवघड जन्म, कमी वजन, पहिल्या वर्षांतील वारंवार येणारा मोठा ताप आणि श्वसनाचे आजार यांच्याशी त्याचा संबंध अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसला आहे. संबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, ही सावधगिरी येथे आवश्यकच. ताप आणि त्यावरील औषध एकाच वेळी येतात, त्यामुळे दोहोंपैकी कोणाचा परिणाम हे विलग करणे अवघड असते. काही दुवे मात्र स्पष्ट आहेत. टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक कॅल्शियमला चिकटून घडत्या दातात कायमचे बसते आणि त्यास पिवळे-करडे करते. म्हणून गर्भवतींना आणि आठ वर्षांखालील मुलांना ते सहसा देत नाहीत. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला श्वासासाठी तोंडातून नळी घालावी लागते, तेव्हा कोवळ्या हिरडीवर पडलेल्या दाबाने वरच्या पुढच्या दुधाच्या दातावर खळगा राहू शकतो. ज्या नळीने जीव वाचवला, तिचीच ती खूण.

कारण आणि परिणाम यांचा धागा प्रयोगाने तपासण्याची संधी क्वचित मिळते. कोपनहेगनमध्ये ती मिळाली. तेथे गर्भवतींचे यादृच्छिक पद्धतीने दोन गट करून एका गटाला चोविसाव्या आठवड्यापासून ड जीवनसत्त्वाची जादा मात्रा दिली गेली, तर दुसऱ्याला नेहमीचीच. मुले सहा वर्षांची झाल्यावर त्यांचे दात तपासले. नेहमीच्या मात्रेच्या गटात २७.५ टक्के मुलांच्या एनॅमलमध्ये दोष होते. जादा मात्रेच्या गटात १५.१ टक्के. हे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. एका प्रयोगावरून साऱ्या जगासाठी औषधाची चिठ्ठी लिहिता येत नाही, आणि डॉक्टरांना न विचारता मोठ्या मात्रा घेणे धोक्याचेच. पण मुलाच्या सहाव्या वर्षी दिसणाऱ्या दाताची गोष्ट आईच्या पोटात सुरू होते, याचा हा भक्कम पुरावा आहे.

ही गोष्ट भारतात ठेवून पाहिली की तिचे वजन कळते. जगात २०२० साली अपुऱ्या दिवसांची सुमारे १ कोटी ३४ लाख बालके जन्मली. त्यांतील सुमारे ३० लाख भारतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, वजन नोंदवलेल्या नवजात बालकांपैकी सुमारे १८ टक्के अडीच किलोपेक्षा हलकी होती, आणि १५ ते ४९ वयाच्या गर्भवतींपैकी ५२ टक्क्यांना रक्तक्षय होता. प्रत्येक अशक्त बाळाचे दात बिघडतातच असे नाही. पण जिथे इतक्या माता आणि बाळे आयुष्याचा हा टप्पा अपुऱ्या पोषणावर ओलांडतात, तिथे मुलाचा दात पाहून फक्त चॉकलेटचा हिशेब मागणे हे अर्धवट विज्ञान आहे, आणि अन्यायही.

असा हिशेब मागण्याची एक शहाणी रीत पुरातत्त्वज्ञांना फार आधी सापडली. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांच्या वस्तीत दगावलेली बालके मातीच्या रांजणांत ठेवून घराच्या जमिनीखाली पुरली जात. जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे या संशोधकांनी त्या बालकांचे दुधाचे सुळे तपासले, त्यांच्या एनॅमलवरील खळगे नोंदवले आणि बदलते हवामान व उपजीविका यांच्याशी त्यांचा संबंध लावून पाहिला. कोणत्या आईने काय चुकवले, हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. त्या वर्षांत त्या गावावर काय ओढवले होते, एवढेच विचारले जाते. तीन हजार वर्षांपूर्वीच्या आईला मिळणारा हा न्याय आजच्या आईलाही मिळायला हरकत नसावी.

रुग्णालयातील खुर्चीपाशी डॉक्टरांनी तसेच काहीसे केले. चॉकलेटांविषयी विचारण्याआधी त्यांनी विचारले, "ताई, याचा जन्म पूर्ण दिवसांचा का?"

"नाही. आठव्यात झाला. अठरा दिवस काचेच्या पेटीत होता."

"आणि पहिल्या वर्षात आजारपण?"

"दोनदा न्यूमोनिया. दोन्ही वेळा अॅडमिट केलं होतं."

डॉक्टरांनी हवेचा झोत मारून दाढ कोरडी केली आणि आरशात आईला तो डाग दाखवला. "या दाढेचं काम तेव्हाच चाललं होतं. नेमकं कशामुळे बिघडलं ते एका बोटाने दाखवता येणार नाही. पण हे गोड खाऊन झालेलं नाही, एवढं मात्र नक्की. आता मात्र गोड सांभाळायचं, कारण ही दाढ लवकर झिजते."

मग उपायांची उजळणी झाली. फ्लोराइडचा लेप, खळग्यांवर संरक्षक थर, तुटलेल्या कोपऱ्यावर भरण, फारच ढासळल्यास पोलादी टोपी. ब्रश मऊ हवा आणि चूळ कोमट पाण्याची. फ्लोराइडयुक्त पेस्ट तीन वर्षांच्या आतील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे वाटाण्याएवढी. बाळाला पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा दंतवैद्याला दाखवावे. दुधाच्या शेवटच्या दाढेवर असाच डाग दिसला, तर कायमच्या दाढेला धोका अधिक असतो. कारण दोघींच्या घडणीचा काळ एकमेकींवर येतो. "पडणारच" म्हणून ती सूचना वाया घालवू नये.

आई निघायला उठली तेव्हा पदराआड झोपलेल्या धाकटीकडे डॉक्टरांचे लक्ष गेले.

"ही केवढी?"

"दोन वर्षांची होईल पुढच्या महिन्यात."

"घरी पिण्याचं पाणी कुठलं?"

"बोअरचं. नळ आलाय, पण पाणी येतं कधी कधी."

"मग एक बाटली भरून जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या. फ्लोराइड किती आहे ते विचारा. तोवर प्यायला आणि स्वयंपाकाला नळाचं पाणी साठवून वापरा. लसी चुकवू नका, ताप आला तर घरी बसून राहू नका. हिची दाढ अजून घडतेय."

आईने झोपलेल्या मुलीच्या बंद ओठांकडे पाहिले. तिथे अजून काहीच दिसत नव्हते.